जीझेड३४ काढून डायोड लावायचे होते, त्या अँपचं पूर्ण प्रकरण

हा गिटारचा ट्यूब अँप माझ्याकडे आला तेव्हा फ्यूज उडालेला होता आणि काय करायचं हे मालकाने आधीच ठरवून टाकलं होतं. "दादा, ती रेक्टिफायर ट्यूब काढाच आता, डायोड लावून टाका, बास पण टाइट होईल आणि ही रोजची कटकट पण संपेल." मी त्याला म्हटलं अरे बघू तरी दे आधी आत काय झालंय, मग ठरवू. रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, ते काम ट्यूबही करते आणि डायोडही, त्यामुळे त्याला डायोड हवेत यात चूक काहीच नव्हती, पण ट्यूब का गेली ते न शोधता नुसती बदलायची नाही एवढं माझं ठाम होतं.

अँप घरी बांधलेला. पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने ओढणाऱ्या दोन पॉवर ट्यूब, ६व्ही६जीटी, फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देऊन ट्यूबचा करंट ठरवायचा), ट्रान्सफॉर्मर ३३०-०-३३० व्होल्टचा, मधे सेंटर टॅप, आणि रेक्टिफायरला जीझेड३४, म्हणजे अमेरिकन नावाने ५एआर४. स्टँडबाय स्विच, म्हणजे ट्यूब तापेपर्यंत हाय व्होल्टेज रोखणारा स्विच, नाही. ज्याने बांधला त्याने तो मुद्दाम दिला नव्हता, कारण जीझेड३४ चा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, इनडायरेक्टली हीटेड (वेगळ्या हीटरने तापणारा) असतो आणि तापायला वेळ घेतो, तोवर ६व्ही६ पण तापतात, त्यामुळे बी-प्लस, म्हणजे ट्यूबना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज, हळूहळू वर येतं आणि कुठल्याच कॅपॅसिटरवर जास्तीचं व्होल्टेज पडत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मालकाची तक्रार जुनीच होती. खालच्या दोन तारांवर जोरात रिफ वाजवली की बास ढिला पडतो, नोट सुटते आणि मग पाठीमागून फुगत येते, वर कधीकधी नोटेच्या खाली दुसरीच एक बेसूर नोट ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून त्याने कधीतरी रेक्टिफायरनंतरचा पहिला कॅपॅसिटर काढून तिथे १०० मायक्रोफॅरडचा बसवला होता, जास्त कॅपॅसिटर म्हणजे जास्त घट्ट बास या हिशोबाने. थोडा फरक पडला म्हणे. मग काही महिन्यांत एक जीझेड३४ गेली, नवीन आणली, तीही गेली.

ट्यूब सॉकेटमधून काढली आणि थंड असताना मीटर लावला तर पिन ४ आणि पिन ८ मध्ये काही ओमच दिसले. जीझेड३४ ला ४ आणि ६ या दोन प्लेट, ८ ला कॅथोड आणि हीटरचं एक टोक, २ ला हीटरचं दुसरं टोक. ४ आणि ८ मध्ये थंड ट्यूबला काहीच दिसायला नको, म्हणजे आत आर्क होऊन प्लेट आणि कॅथोड चिकटलेले. काचेतून नीट पाहिलं तर एका प्लेटच्या कडेला काळा डाग आणि कॅथोडवरचा पांढरा थर तिथे खरवडल्यासारखा निघालेला. असं झालं की त्या अर्ध्या वाइंडिंगचं एसी थेट इलेक्ट्रोलिटिकवर जातं. मेन्स फ्यूज बरोबर रेटिंगचा होता म्हणून उडाला, कोणी जाडजूड घातला असता तर ट्रान्सफॉर्मर गेला असता. तो १०० चा कॅपॅसिटर मी तपासत पण बसलो नाही, उलटं व्होल्टेज खाल्लेला इलेक्ट्रोलिटिक पुन्हा वापरायचा नाही.

आता ट्यूब का मेल्या. जीझेड३४ च्या डेटाशीटमध्ये पहिल्या कॅपॅसिटरची कमाल मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे. शिवाय प्रत्येक प्लेटमागे किमान किती रेझिस्टन्स हवा तेही दिलेलं असतं, आणि तो फक्त सेकंडरीचा नाही, अर्ध्या सेकंडरीचा रेझिस्टन्स अधिक टर्न्स रेशोचा वर्ग गुणिले प्रायमरीचा रेझिस्टन्स असा धरायचा. मी मोजला, एक अर्ध वाइंडिंग ६२ ओम आणि दुसरं ६६ (बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते म्हणून हा फरक, फॉल्ट नाही), प्रायमरी ११ ओम, रेशो साधारण १.४३, म्हणजे एकूण ८५ ओमच्या आसपास. चालू अँप बंद करून लगेच परत चालू केला की काय होतं बघा, कॅथोड अजून गरम आहे, कॅपॅसिटर मात्र बराच उतरलाय, आणि स्विच नेमका मेन्सच्या शिखरावर लागला तर ४८५ व्होल्ट भागिले ८५ ओम म्हणजे ट्यूबचा स्वतःचा रेझिस्टन्स सोडला तर साडेपाच अँपिअरच्या वर ओढ. याच ट्यूबला नेहमीच्या चालू कामात प्लेटमागे ७५० मिलिअँपचाच पीक चालतो. ३२ मायक्रोफॅरड असेल तर हा झटका लवकर संपतो, १०० असेल तर तिप्पट लांबतो. ४१४ व्होल्टला ३२ मायक्रोफॅरडमध्ये २.७ जूल साठतात, १०० मध्ये ८.६. मी त्याला विचारलं तू बंद करून लगेच चालू करतोस का, तर म्हणाला हो, प्रॅक्टिसला आवाज यायचा बंद झाला की पहिलं तेच करतो.

म्हणजे ट्यूबचा दोष नव्हता. तरी त्याला डायोडच हवे होते, आणि खरं सांगायचं तर डायोड लावणं यात कमीपणा काही नाही. ट्विन रिव्हर्बमध्ये फेंडरने सिलिकॉन डायोडच दिले, मार्शलच्या जेटीएम४५ ला जीझेड३४ होती पण पुढच्या १०० वॅटच्या हेडला डायोड आले, आणि मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरला तर नावच त्यावरून पडलं की ट्यूब आणि डायोड दोन्ही त्यात आहेत. फक्त ते अँप त्या व्होल्टेजला धरून डिझाइन केलेले. हा अँप तसा नव्हता.

त्याने येतानाच प्लग-इन डायोड आणला होता, ऑक्टल, म्हणजे आठ पिनांच्या, बेसमध्ये दोन १एन४००७ डायोड भरलेले, ट्यूबच्या जागी नुसता खोचायचा. मी आधी पहिल्या कॅपॅसिटरच्या जागी ४७ मायक्रोफॅरड ५०० व्होल्टचा तात्पुरता जोडला, माझ्याकडची चांगली जीझेड३४ लावली, सिरीज लॅम्पवर (मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब, आत शॉर्ट असेल तर तोच पेटतो) चालू करून शॉर्ट नाही ना बघितलं आणि मग लॅम्प काढून आकडे लिहून घेतले. हे आधीचे आकडे नसतील तर नंतर काय बदललं हे कळायला मार्गच राहत नाही, लोक हीच पायरी गाळतात. बी-प्लस ४१४, बायस उणे ३४, आणि दोन्ही ६व्ही६ च्या कॅथोडला १ ओम घातलेला होता त्यावर एकीला २३ आणि दुसरीला २५ मिलिव्होल्ट, म्हणजे तेवढेच मिलिअँप. प्लेटवर ४१२ धरले तर ९.५ आणि १०.३ वॅट. ६व्ही६जीटी ची प्लेटची डिझाइन मॅक्सिमम मर्यादा १४ वॅट, सत्तर टक्के म्हणजे ९.८, ठीकच.

मग डायोड खोचला. मीटर बी-प्लसवर, डोळा मीटरवर. स्विच टाकल्या टाकल्या ४८३ व्होल्ट. ट्यूब थंड, करंट कोणी घेत नाही, त्यामुळे वाइंडिंगचं पूर्ण पीक कॅपॅसिटरवर, आणि फक्त पहिल्या नाही तर मागच्या सगळ्या कॅपॅसिटरवर, कारण करंटच नाही तर मधल्या ड्रॉपिंग रेझिस्टरमध्ये ड्रॉप कुठून पडणार. माझा पहिला ५०० चा होता पण पुढचे सगळे ४५० व्होल्टचे. इलेक्ट्रोलिटिकला या रेंजमध्ये थोडा वेळ साधारण दहा टक्के जास्त चालतं, म्हणजे ४९५, पण ते कधीतरी एकदा, दर वेळी अँप चालू करताना पंधरा-वीस सेकंद नाही. पुढे ६व्ही६ तापल्या आणि व्होल्टेज उतरत ४४० वर थांबलं. करंट मात्र वर गेला, एकीला ३० आणि दुसरीला ३३. खोलीतला दिवा मालवून पाहिलं तर दुसऱ्या ट्यूबच्या प्लेटच्या शिवणीपाशी बोटाच्या नखाएवढा फिका लाल पट्टा दिसायला लागला होता. ४३८ गुणिले ३३, साडेचौदा वॅट. लगेच बंद केला.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या कारण बहुतेक जण म्हणतात २६ व्होल्टच तर वाढले. प्लेटचे २६ व्होल्ट फार काही करत नाहीत, पण स्क्रीनचे, म्हणजे ६व्ही६ मधल्या दुसऱ्या ग्रिडचे, पण तेवढेच वाढले ना. ६व्ही६ मध्ये स्क्रीनला दहा व्होल्ट वाढले तर ते ग्रिडला साधारण एक व्होल्ट कमी निगेटिव्ह केल्यासारखं आहे. म्हणजे इथे बायस अडीच व्होल्टने गरम झाला, आणि बायस सप्लाय वेगळ्या टॅपवरून येत होता त्यामुळे तो उणे ३४ लाच बसून राहिला. त्यामुळे डायोड लावल्यावर आवाज "मोठा आणि भरीव" झाला असं जे सांगतात त्यातला बराच भाग डायोडचा नसतो, गरम झालेल्या बायसचा असतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं.

अजून एक, रिव्हर्स व्होल्टेज. सेंटर टॅपच्या फुल-वेव्हमध्ये डायोड बंद असतो तेव्हा त्याच्या एका बाजूला कॅपॅसिटरचे ४८५ आणि दुसऱ्या बाजूला वाइंडिंगचे उणे ४८५, म्हणजे ९७०. १एन४००७ एक हजाराचा. मेन्स जरा वर गेलं की संपलं. म्हणून प्रत्येक बाजूला कमीत कमी दोन डायोड सिरीजमध्ये लागतात.

मी त्याला फोन करून सांगितलं की डायोड लावायचे तर नीट लावू, पण त्यासाठी सगळे फिल्टर बदलावे लागतील आणि बायस परत सेट करावा लागेल. तो म्हणाला करा. पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये घेतले आणि प्रत्येकावर २२० के, म्हणजे ५० मायक्रोफॅरड ७०० व्होल्ट. हा आकडा मुद्दाम निवडला, कॅपॅसिटर वीस टक्के जास्त निघाला तरी ६० होतो आणि जीझेड३४ च्या मर्यादेत राहतो. ते दोन २२० के व्होल्टेज सारखं वाटतात आणि बंद केल्यावर कॅपॅसिटर उतरवतात पण, २२ सेकंद टाइम कॉन्स्टंट, म्हणजे साधारण दोन मिनिटं थांबायचं आणि तरी मीटर लावून दहा व्होल्टच्या खाली आहे हे डोळ्याने बघूनच हात घालायचा. कृपया हे मनावर घ्या, इथलं डीसी जीव घेतं. आणि रेक्टिफायर ट्यूब काढून कायमचे डायोड लावलेत तरी ५ व्होल्टच्या वाइंडिंगच्या तारा पिन ८ वरून बी-प्लसलाच जोडलेल्या असतात, त्या सोडून नीट इन्सुलेट करा, ५ व्होल्ट म्हणून हात लावू नका.

आणि मागचे कॅपॅसिटर काढताना खरं कारण हातात आलं. स्क्रीनच्या नोडवरचा, म्हणजे चोकनंतरचा (चोक ही रिपल अडवणारी कॉइल), जो २२ मायक्रोफॅरडचा असायला हवा तो मीटरवर ६ भरला. वरून एकदम स्वच्छ, ना फुगलेला ना गळलेला. म्हणून मी परत फिरलो. तो जुना कॅपॅसिटर पुन्हा जागेवर टाकला, जीझेड३४ लावली, डमी लोडवर, म्हणजे स्पीकरच्या जागी रेझिस्टर लावून, अँप फुल चालवला आणि स्क्रीनवर स्कोप लावला, तर स्क्रीनवर दातेरी रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लहर, स्पष्ट दिसत होता आणि खालची नोट दिली की पूर्ण स्क्रीन व्होल्टेजच नोटेबरोबर खालीवर होत होतं. ती नोटेखालची बेसूर नोट हीच, रिपलची फ्रिक्वेन्सी आणि वाजवलेली नोट एकमेकांत मिसळून त्यांची बेरीज-वजाबाकी ऐकू येते. त्याने पहिला कॅपॅसिटर १०० केल्यावर थोडा फरक पडला तो याचमुळे, पहिल्याच जागी रिपल कमी झाला म्हणून पुढे पण थोडा कमी गेला, आजार तिथेच राहिला आणि वर त्या १०० ने रेक्टिफायर ट्यूब मारायला सुरुवात केली. मग स्क्रीनला आणि प्रीअँपच्या नोडला ५०० व्होल्टचे नवीन २२ चे बसवले आणि जीझेड३४ लावूनच गिटार जोडली. खालची तार जिथे दाबावी तिथे थांबत होती. रेक्टिफायरला अजून हात पण लावला नव्हता.

तरीही डायोडचं काम शेवटपर्यंत केलं कारण मला स्वतःला फरक आकड्यात बघायचा होता आणि त्यालाही त्याच्या कानाने ऐकू द्यायचं होतं. तीन सेटअप केले. पहिला जीझेड३४, बायस उणे ३४. दुसरा प्रत्येक बाजूला दोन डायोड, बायस उणे ३८ च्या जरा पुढे नेऊन दोन्ही ट्यूब २२ मिलिअँपच्या आसपास. तिसरा तेच डायोड पण पहिल्या कॅपॅसिटरच्या आधी १५० ओमचा २५ वॅटचा रेझिस्टर, ज्याला सॅग रेझिस्टर म्हणतात (जोरात वाजवलं की व्होल्टेज खाली बसतं तो सॅग). या रेझिस्टरचा हिशोब साध्या ओमच्या नियमाने करायला गेलात तर फसाल, ५५ मिलिअँप गुणिले १५० म्हणजे आठ व्होल्ट पडायला हवेत पण माझं बी-प्लस ४४० वरून ४१७ वर आलं, तेवीस पडले. कारण कॅपॅसिटर सलग चार्ज होत नाही, दर अर्ध्या सायकलच्या शिखराजवळ छोट्या मोठ्या पल्समध्ये होतो, आणि ड्रॉप त्या पल्सच्या करंटने ठरतो. वॅटेज पण त्याच कारणाने भरपूर घ्यायचं.

८ ओमच्या डमी लोडवर १ किलोहर्ट्झ साइन देऊन क्लिपिंग सुरू होतं तिथे थांबलो. जीझेड३४ वर १२.८ व्होल्ट, साडेवीस वॅट. नुसत्या डायोडवर १३.६ व्होल्ट, २३ वॅट. ऐकायला "अडीच वॅट जास्त" छान वाटतं, पण डेसिबलमध्ये हा अर्धा डेसिबल आहे, कानाला जेमतेम कळेल एवढा. खरा फरक पुढे दिसला, पूर्ण चेपून वाजवल्यावर एकूण करंट १३० मिलिअँपच्या आसपास जातो तेव्हा जीझेड३४ चं बी-प्लस ४१४ वरून ३७२ वर बसलं, डायोडचं ४४० वरून ४०५ वर, आणि १५० ओमवालं ४१७ वरून ३६८ वर. म्हणजे जीझेड३४ ४२ व्होल्ट बसते आणि नुसते डायोड पण ३५ बसतात! हे पाहून मी स्वतः थांबून परत मोजलं. सॅगचा मोठा वाटा ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा आहे, रेक्टिफायरचा नाही, आणि जीझेड३४ तर सगळ्यात ताठ रेक्टिफायर ट्यूबपैकी एक. ५वाय३ ही रेक्टिफायर ट्यूब असती तर गोष्ट वेगळी, तिच्या डेटाशीटमध्येच १२५ मिलिअँपला ६० व्होल्ट ड्रॉप दिलाय.

मालक आला. मी तिन्ही सेटअपमध्ये क्लीन आवाज मीटरने सारखा करून दिला आणि काय लावलंय ते सांगितलं नाही. क्लीनला त्याला वेगळेपण सांगता आलं नाही, पुश-पुल अँप थोडक्या आवाजात करंट फारसा बदलतच नाही तर सॅग कुठून येणार. मोठ्या आवाजात मात्र त्याने नुसते डायोड बरोबर ओळखले, म्हणाला "हा लगेच लागतो बोटाला, पण नोट लांबवली की कोरडा वाटतो". जीझेड३४ आणि १५० ओम यांत त्याचा गोंधळ झाला, आणि माझाही झाला असता. मग बराच वेळ वाजवत बसला आणि स्वतःच म्हणाला, "दादा, ट्यूबच राहू द्या, मला जे हवं होतं ते झालंय की." मध्येच विचारून गेला की मग ५यू४ ही रेक्टिफायर ट्यूब लावली तर अजून मऊ होईल का. नाही लावायची. जीझेड३४ चा हीटर १.९ अँपिअर घेतो, ५यू४ ला ३ लागतात, आणि या ट्रान्सफॉर्मरचं ५ व्होल्टचं वाइंडिंग २ अँपिअरचं आहे. पिना जुळतात म्हणून ट्यूब जुळत नाही. ५वाय३ पण नाही, तिची मर्यादाच १२५ मिलिअँपची आणि हा अँप फुलला १३० खातो.

शेवटी जे बसवलं ते असं. जीझेड३४ सॉकेटमध्ये, पण प्रत्येक प्लेटच्या वायरमध्ये सिरीजमध्ये दोन १एन४००७, डायोडवरची पट्टी (कॅथोडचं टोक) ट्यूबकडे, आणि त्यानंतर ४७ ओम ५ वॅट. डायोडमुळे उद्या ट्यूब आतून परत चिकटली तरी एसी कॅपॅसिटरवर जाणार नाही, अँप डायोडवर चालत राहील, व्होल्टेज वाढेल पण ट्रान्सफॉर्मर वाचेल. ट्यूब ठीक असताना या डायोडचा आवाजावर परिणाम शून्य, एक-दीड व्होल्ट ड्रॉप एवढंच. ४७ ओममुळे प्लेटमागचा रेझिस्टन्स ८५ चा १३२ झाला, तो गरम स्विचिंगचा झटका साडेपाचवरून पावणेचार अँपिअरच्या खाली आला, आणि बी-प्लस सहा व्होल्टने उतरून ४०८ झालं, ६व्ही६ ला ते बरंच. सेंटर टॅपमध्ये एक स्लो ब्लो फ्यूज टाकला जो आधी नव्हताच. तरीही बंद केल्यावर अर्धा मिनिट थांब आणि मग चालू कर हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

प्लग-इन डायोड त्याने परत मागून घेतला, बाहेर कार्यक्रमाला गेलो आणि ट्यूब गेली तर असू दे म्हणून. आता कॅपॅसिटर ते व्होल्टेज सोसतात आणि रिव्हर्सचं ओझं वाटून घ्यायला प्लेटमागे डायोड आहेतच, त्यामुळे हरकत नव्हती, फक्त बायस. म्हणून बायस पॉटच्या शेजारी चॅसिसवर मार्करने दोन खुणा केल्या, एकीवर "ट्यूब" आणि दुसरीवर "डायोड", आणि प्लग-इनला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं, आधी पॉट डायोडच्या खुणेवर, मग हा खोचायचा.